पितळेच्या पत्र्यातून इंजिन

उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. पवनीचे ऊन तुम्हांला ठाऊक नसेल, तर वैनगंगेच्या वाळूवर दुपारी एकदा अनवाणी चालून पाहा! अशाच एका दुपारी माझ्या टेबलावर एक पाकीट उघडे पडले होते आणि शेजारची दोन मुले त्याकडे टक लावून पाहत होती. एक नववीत, दुसरी दहावीत. पाकिटातून निघाले होते पितळेचे दोन पातळ पत्रे, प्रत्येकी पोस्टकार्डाएवढा. एका पुडीत चार चाके, बोटाच्या पेराएवढी मोटार, दोन दातेरी चक्रे आणि पांढरट धातूचे काही ओतीव तुकडे.

"सर, इंजिन कुठे आहे?" दहावीतल्या मुलीने विचारले.

"या पत्र्यात," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला नाही. खरे सांगायचे तर माझाही पुरता बसला नव्हता. पत्र्यावर नाजूक जाळीकाम केल्यासारखे दिसत होते. नीट पाहिल्यावर त्यात खिडक्या दिसल्या, पायऱ्या दिसल्या, टाकीची बाजू दिसली. प्रत्येक भाग चहूबाजूंच्या चौकटीला बारीक दुव्यांनी जोडलेला होता. हे सारे भाग कापून, वाकवून, डाख देऊन जोडायचे आणि त्यातून रुळावर धावणारे इंजिन उभे करायचे, असा तो जोडसंच होता. परदेशी राहणाऱ्या भाच्याने तो आणून दिला होता. असे इंजिन मी यापूर्वी कधीच बांधले नव्हते.

पुढच्या सात आठवड्यांत त्या पत्र्यांनी मला पदार्थविज्ञानाचे जे धडे पुन्हा शिकवले, ते तुम्हांला सांगावेत म्हणून हा लेख.

छोट्या गाडीची आठवण

इंजिनच का? त्याला कारण आहे. नागपूर ते नागभीड हा छोटा रेल्वेमार्ग १९०८ मध्ये सुरू झाला. बंगाल–नागपूर रेल्वेचा हा 'नॅरोगेज' मार्ग. त्याच्या दोन रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आपल्या नेहमीच्या रुंद मार्गाचे अंतर १,६७६ मिलिमीटर असते. त्याच्या निम्म्याहूनही हे कमी. या मार्गावर एक स्टेशन होते 'पवनी रोड'. गावाच्या नावापुढे 'रोड' लागले की प्रवाशाने काय ते ओळखावे! स्टेशनापासून गाव गाठायला पुन्हा दुसरे वाहन पाहावे लागे. तरीही लहानपणी नागपूरला मामाकडे जायचे, तर आम्हांला हीच गाडी हवी असे. माझ्या आठवणीतली गाडी डिझेल इंजिनाची. वाफेच्या इंजिनाच्या गोष्टी वडील सांगत.

२०१९ च्या नोव्हेंबरात हा मार्ग रुंद करण्यासाठी बंद झाला आणि छोटी गाडी कायमची थांबली. रुंद मार्ग सोयीचा, याबद्दल वाद नाही. पण माझ्या शेजारच्या मुलांना 'छोटी गाडी म्हणजे कशी?' हे शब्दांत सांगताना मी अडखळलो. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचे रेल संग्रहालय आहे, तेथे खरी इंजिने पाहता येतात. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. दोन्ही आवर्जून पाहावीत अशी. पण पवनीच्या मुलाला हातात धरता येईल, उलटून पोटातले पाहता येईल, असे इंजिन हवे होते. ते करून पाहावे, असे मनाने घेतले.

छोटे म्हणजे किती छोटे?

जोडसंचावर लिहिले होते की एका फुटासाठी ४ मिलिमीटर हे प्रमाण धरले आहे. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ४ ने भागले की ७६.२ येतात. म्हणजे प्रतिकृती खऱ्या इंजिनाच्या ७६.२ पट लहान. आता गंमत पाहा. छोट्या गाडीच्या रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ७६.२ ने भागा. उत्तर येते बरोबर १० मिलिमीटर! मुलांनी हा भागाकार दोनदा करून पाहिला.

पण बाजारात सहज मिळणारे छोटे रूळ ९ मिलिमीटर अंतराचे असतात, म्हणून माझ्या जोडसंचाची चाकेही ९ मिलिमीटरच्या रुळांसाठी होती. खऱ्या जगात हे अंतर ९ × ७६.२ म्हणजे सुमारे ६८६ मिलिमीटर होईल. छोट्या गाडीपेक्षा ७६ मिलिमीटर कमी. ही तडजोड मी मान्य केली. प्रतिकृती करणाऱ्याला तडजोड करावीच लागते. मात्र ती कोठे आणि किती केली, हे त्याला आकड्यांत सांगता आले पाहिजे.

लांबी ७६.२ पट कमी झाली की वजन किती पट कमी होते? येथे पुष्कळ जण फसतात. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ७६.२ पट कमी होतात, म्हणून आकारमान ७६.२ चा घन, म्हणजे सुमारे ४ लाख ४२ हजार पट कमी होते. समजा खरे इंजिन २० टनांचे आहे. तर त्याच्या प्रतिकृतीचे 'प्रमाणशीर' वजन भरेल अवघे ४५ ग्रॅम! एवढ्या हलक्या इंजिनाची चाके रुळावर घसरतात, कारण चाकांची पकड घर्षणावर आणि घर्षण वजनावर अवलंबून असते. म्हणून मी शेवटी पाण्याच्या टाक्यांत शिशाचे तुकडे भरले. कॉलेजच्या तराजूवर इंजिन ८० ग्रॅम भरले. दिसायला प्रमाणशीर, वजनाला मात्र नाही.

छिन्नीविना कोरकाम

पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. त्या दगडांवरची ब्राह्मी अक्षरे कारागिराने छिन्नीने कोरली होती. माझ्या पत्र्यावर मात्र अर्ध्या मिलिमीटरएवढे रिव्हेट होते आणि खिडकीच्या कडा केसासारख्या सरळ होत्या. एवढी बारीक छिन्नी कोण चालवणार? हे कोरकाम रसायनाने केलेले असते.

ते असे. प्रथम सगळे भाग मोठ्या आकारात काळ्या-पांढऱ्या रेषांत अचूक काढतात. मग ते चित्र हवे तेवढे लहान करून पारदर्शक फिल्मवर घेतात. पितळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशसंवेदी पदार्थाचा थर देतात. त्यावर फिल्म ठेवून अतिनील प्रकाश सोडला की, जेथे प्रकाश पडतो तेथला थर टणक होतो. उरलेला थर धुऊन टाकला की तेथे पितळ उघडे पडते. मग पत्र्यावर फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचे फवारे मारतात. उघडे पितळ विरघळते. थराखाली झाकलेले सुरक्षित राहते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. दोन्ही धातूंवर फेरिक क्लोराइडची क्रिया होते:

तांबे + फेरिक क्लोराइड → क्युप्रिक क्लोराइड + फेरस क्लोराइड

जस्त + फेरिक क्लोराइड → झिंक क्लोराइड + फेरस क्लोराइड

या क्रियेत हायड्रोजनचे बुडबुडे निघत नाहीत, हे ध्यानात घ्या. तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन देतात आणि फेरिक आयन ते घेऊन फेरस होतात. म्हणजे हे ऑक्सिडीकरण-क्षपणाचे सुंदर उदाहरण आहे. रेडिओ दुरुस्त करणारे हौशी लोक छापील मंडलाचे तांबे याच द्रावणात कोरतात. वर्तमानपत्रांतील चित्रांचे जस्ताचे आणि तांब्याचे ब्लॉकही पूर्वी असेच रसायनाने कोरून तयार होत. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वी ब्लॉक तयार करण्याच्या आणि छपाईच्याच व्यवसायात होते! म्हणजे ही कला आपल्याला परकी नाही.

द्रावणाला एक खोड आहे. ते जसे खाली खोल जाते, तसे बाजूलाही थोडे पसरते. दोन्ही बाजूंनी कोरत आलेले द्रावण मध्यावर भेटते, तेव्हा कडेच्या मध्यभागी एक बारीक धार उरते. भाग कापून काढल्यावर ही धार कानशीने घासून काढावी लागते. मी पहिल्या दिवशी ती घासली नाही आणि दोन भाग एकमेकांना चिकटून बसेनात. मध्ये कागदाएवढी फट राहू लागली. दुसऱ्या दिवसापासून कानस हातातून सुटली नाही.

निम्म्या जाडीचे रहस्य

माझ्या पत्र्याची जाडी ०.४ मिलिमीटर होती. काही ठिकाणी पत्रा आरपार कोरला होता, तर काही ठिकाणी एकाच बाजूने, निम्म्या जाडीपर्यंत. या निम्म्या कोरलेल्या रेषा म्हणजे घडीच्या रेषा. पत्रा नेमका त्याच रेषेवर का वाकतो?

पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी निम्मी झाली की विरोध २ × २ × २, म्हणजे ८ पट कमी होतो. म्हणून बोटाने दाब दिला की बाकीचा पत्रा सरळ राहतो आणि रेषा मात्र वाकते. हे तुम्ही पोस्टकार्डावरही करून पाहू शकता. ब्लेडने कार्डावर हलकी रेघ ओढा आणि मग घडी घाला.

घडी घालताना चर आतल्या बाजूला यायला हवा, म्हणजे काटकोन होताच चराच्या कडा एकमेकींना भिडतात. मी घाईत कॅबच्या पायऱ्या उलट्या दिशेला वाकवल्या. चूक कळताच परत सरळ केल्या, पुन्हा वाकवल्या, आणि तिसऱ्या वेळी पायरी हातात आली. पितळ वाकवले की त्या ठिकाणी ते अधिक टणक आणि ठिसूळ होते. एक घडी चालते, तिचा पश्चात्ताप मात्र पितळ खपवून घेत नाही! तुटलेली पायरी पुन्हा जोडली. आजही जवळून पाहिल्यास सांधा दिसतो.

डाख का बसेना?

आता खरी परीक्षा होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेतले २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न मी घरी आणले. तारा जोडायला ते मी वीस वर्षे वापरत आलो आहे, तेव्हा अवघड काय, असे वाटले. टाकीची बाजू तळपत्र्याला लावली, डाख टेकवला. तो वितळला, गोळी झाली आणि पारा काचेवरून घरंगळावा तशी पत्र्यावरून घरंगळून गेली. दहा वेळा केले, दहा गोळ्या झाल्या.

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि आमच्या भागात भांड्यांना डाख देणारे जुने कारागीर अजून आहेत. शेवटी माझा गोळ्यांचा पत्रा घेऊन मी एका वृद्ध कासारांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पत्रा उलटसुलट पाहिला आणि एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही डाख तापवला, पितळ कुठं तापवलं जी? आणि पितळ साफ नाही, त्याले डाख कसा धरंल?"

एका वाक्यात दोन धडे! एमएस्सीला मी दोन्ही शिकलो होतो, पण हाताला ते ठाऊक नव्हते. एकेक धडा पाहू.

पहिला उष्णतेचा. ५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड पत्र्याचे आकारमान ०.४ घन सेंटिमीटर. पितळेची घनता सुमारे ८.५, म्हणून वस्तुमान ३.४ ग्रॅम. पितळेची विशिष्ट उष्णता सुमारे ०.३८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश. पत्रा ३० अंशांवरून १९० अंशांपर्यंत न्यायचा, म्हणजे १६० अंशांची वाढ. ३.४ × ०.३८ × १६० = सुमारे २०७ ज्यूल. २५ वॅटचे आयर्न सेकंदाला फार तर २५ ज्यूल देणार. म्हणजे सगळी उष्णता पत्र्यातच गेली, तरी ८ सेकंद हवेत. शिवाय पितळ उष्णतेचे चांगले वाहक असल्याने ती पत्रभर पसरते आणि हवेत निघून जाते. तार जोडताना तापवायला धातू असतोच किती? येथे मात्र आयर्नचे टोकच थंड पडत होते. मी ६० वॅटचे, जाड टोकाचे आयर्न आणले.

दुसरा धडा स्वच्छतेचा. धातूवर ऑक्साइडचा थर असला की वितळलेला डाख पृष्ठताणामुळे गोळी होऊन राहतो. थर निघाला की तोच डाख धातूला भिजवतो आणि पसरतो. कल्हईवाला भांडे तापवून त्यात नवसागराची पूड का टाकतो, हे आता कळेल. तापल्यावर नवसागरातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो ऑक्साइड काढून टाकतो आणि कथील भांडेभर सरकन पसरते. मी सौम्य फॉस्फरिक आम्ल वापरले. भाग पॉलिश कागदाने घासला, आम्लाचा एक थेंब सांध्यावर ठेवला, आयर्न टेकवले आणि तीन मोजले. डाख लखलखला आणि दोन पत्र्यांमधल्या फटीत आपोआप ओढला गेला. दिव्याच्या वातीत तेल चढते, तीच ही केशाकर्षणाची क्रिया. मी आनंदाने ओरडलो, तेव्हा घरच्यांना वाटले हात भाजला!

माझ्या डाखात ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे होते. कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण दोघांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळू लागते. मिश्रणाचा विलयबिंदू घटकांपेक्षा कमी असू शकतो, याचे हे रोजच्या वापरातले उदाहरण. धुराडे आणि घुमट यांसारखे पांढऱ्या धातूचे ओतीव भाग मात्र एवढ्या उष्णतेने विरघळण्याची भीती होती, म्हणून ते मी एपॉक्सीने चिकटवले. प्रत्येक दिवसाचे काम संपल्यावर सगळे पाण्याने धुवावे. राहिलेले आम्ल पितळेवर हिरवे डाग पाडते.

लंगडणारे इंजिन

पाचव्या आठवड्यात चेसिस तयार झाली. दोन उभ्या पट्ट्या, मध्ये आडवे पत्रे, दोन आस आणि चार चाके. काचेच्या तुकड्यावर ठेवली, तर चारपैकी तीनच चाके टेकली! एका पायाखाली कागदाची घडी लागणाऱ्या टेबलासारखी ती डुगडुगत होती. रुळावर वीज दिली, तर इंजिन दोन पावले चालून लंगडे, थांबे, पुन्हा लंगडे.

चूक कोठे झाली? मी एका बाजूचा पूर्ण सांधा एका दमात डाखला होता. पितळ तापले की प्रत्येक अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १९ दशलक्षांशाने वाढते. माझी पट्टी ६० मिलिमीटरची. १६० अंशांच्या वाढीला ६० × ०.००००१९ × १६० = ०.१८ मिलिमीटर. तुम्ही म्हणाल, यात काय मोठे? पण जोडदांड्याच्या भोकात खिळीभोवतीची मोकळीक ०.१ मिलिमीटरच होती. तापून लांबलेली कड थंड बाजूला डाखाने पकडली गेली, मग आकसली आणि चेसिसला धनुष्यासारखा बाक आला. उन्हाळ्यात रूळ वाढतात म्हणून त्यांच्यात फट ठेवतात, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. तेच माझ्या टेबलावर घडले.

मन घट्ट करून सगळा सांधा सोडवला. या वेळी शिंप्यासारखे आधी टाके घातले. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक टाक्यानंतर थंड होऊ दिले आणि काचेवर ठेवून पाहिले. दोन्ही आसांच्या भोकांतून लांब सरळ सळया घातल्या. त्या एकमेकींना समांतर दिसल्या, तेव्हाच उरलेला सांधा भरला. आता चारही चाके टेकली.

तरी लंगडणे पुरते गेले नाही. दुसरे कारण होते भुजांच्या कोनाचे. इंजिनाच्या एका बाजूच्या भुजा आणि दुसऱ्या बाजूच्या भुजा यांत ९० अंशांचा कोन ठेवतात. का? दांडा आणि भुजा एका रेषेत आल्या की तो दांडा चाक फिरवू शकत नाही. सायकलचे पायडल अगदी वर असताना त्यावर सरळ खाली दाबून पाहा. दोन्ही बाजू एकाच वेळी अशा अडल्या, तर चाक पुढे जायचे की मागे, हे ठरवणारे कोणीच उरत नाही. एका बाजूचा दांडा असा अडला असताना दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असला की काम चालू राहते. खऱ्या वाफेच्या इंजिनातही हीच युक्ती असते. माझ्या पुढच्या आसावर हा कोन ९० होता आणि मागच्या आसावर थोडा कमी. नववीतल्या मुलाने डोळा बारीक करून चाकाच्या आऱ्यांमधून पाहिले आणि फरक ओळखला. चाक केसभर फिरवले, आणि इंजिन सरळ चालू लागले.

रुळाच्या एक मीटर लांबीला त्याला ९ सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ११.१ सेंटिमीटर. त्याला ७६.२ ने गुणले तर सेकंदाला सुमारे ८.५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटर. छोट्या गाडीच्या इंजिनाला शोभेल असाच!

तुम्ही काय करून पाहाल?

असा जोडसंच महाग असतो आणि प्रत्येकाला मिळेलच असे नाही. पण पितळ कोरण्याचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येतो. आम्ही तो केला. ५ × ३ सेंटिमीटरच्या पितळी पट्टीवर नेलपॉलिशने 'पवनी रोड' अशी अक्षरे रंगवली. मागची बाजू आणि कडाही झाकल्या. पट्टी तराजूवर तोलली. प्लॅस्टिकच्या थाळीत फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ती ५० मिनिटे ठेवली, अधूनमधून थाळी हलवली. मग धुऊन, वाळवून पुन्हा तोलली. वजन ०.५१ ग्रॅमने घटले होते. आलेख कागदावर मोजलेले उघड्या पितळेचे क्षेत्रफळ होते ६ चौरस सेंटिमीटर.

आता खोली मोजायला सूक्ष्ममापी कशाला हवा? घटलेले वस्तुमान भागिले घनता भागिले क्षेत्रफळ: ०.५१ ÷ ८.५ ÷ ६ = ०.०१ सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर. द्रावण कोमट केले तर ही खोली किती वाढते? थाळी अजिबात हलवली नाही तर? ५०ऐवजी १०० मिनिटे ठेवले तर दुप्पट होते का? प्रयोग करा, आलेख काढा आणि शिक्षकांना दाखवा.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. हातमोजे आणि चष्मा घाला. फेरिक क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता सुटते, म्हणून ते पाण्यात थोडे थोडे टाका. धातूचे भांडे वापरू नका. भांडेच कोरले जाईल! कपड्यांवर पडलेले डाग निघत नाहीत. डाख देताना खिडकी उघडी ठेवा, धूर हुंगू नका; डाखात शिसे असते, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

प्रयोग संपला तेव्हा थाळीतले द्रावण हिरवट झाले होते. दहावीतली मुलगी थाळी उचलून मोरीकडे निघाली आणि मध्येच थांबली. "सर, हे पाणी शेवटी कुठे जाते?"

मोरीचे पाणी नालीत, नालीचे नदीत. नदीत विरघळलेले तांबे माशांना विषारी असते, आणि वैनगंगेच्या माशांवर काठच्या ढीवर कुटुंबांचे पोट आहे. एका थाळीने नदी मरत नाही, हे खरे; पण हा लेख वाचून शंभर शाळांनी शंभर थाळ्या मोरीत ओतल्या, तर त्याचा जबाबदार मीच. आम्ही थाळी परत टेबलावर ठेवली. द्रावणात स्वच्छ लोखंडी कीस टाकून दोन दिवस ठेवला. तांबे लोखंडावर तांबूस थर होऊन बसले; विस्थापनाची अभिक्रिया तुम्ही पुस्तकात वाचलीच आहे. मग धुण्याच्या सोड्याचे द्रावण फेस थांबेपर्यंत घातले, तेव्हा उरलेले धातू गाळ होऊन तळाशी बसले. तो गाळ वाळवून, नाव लिहिलेल्या बंद बरणीत ठेवला आणि कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाच्या कचऱ्यात जमा केला. या कामाला प्रयोगापेक्षा जास्त वेळ लागला. तो प्रयोगाचाच भाग समजावा.

आता ते इंजिन माझ्या टेबलावर उभे आहे. कॅबची पायरी थोडी वाकडी आहे, एका कडेला डाख जरा जास्त झाला आहे. मुलांनी त्याचे नाव 'वैनगंगा' ठेवले आहे. रुळाच्या शेवटी आमची पितळी पट्टी उभी केली आहे. अक्षरे हाताने रंगवलेली, जराशी ओबडधोबड, पण दुरूनही वाचता येतात: पवनी रोड.

परवा नववीतल्या मुलाने इंजिन उलटे धरले, चाक बोटाने फिरवले, दोन्ही बाजूंचे दांडे आळीपाळीने वरखाली होताना बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "सर, पुढचे इंजिन आपण स्वतःच कोरायचे का?"

रेखाटनाचा कागद आम्ही कालच टेबलावर पसरला आहे.